गांधार शिल्पांवरील प्रभाव ग्रीक की रोमन?

लेणीवेडा:
नमस्कार. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात गांधारची, म्हणजे आजच्या वायव्य पाकिस्तान आणि पूर्व अफगाणिस्तानच्या भागातली, शिल्पे निवांत पाहता आली. एका बुद्धमूर्तीपुढे बराच वेळ थांबलो. दोन्ही खांदे झाकणारी जाड संघाटी (भिक्षूचे वरचे वस्त्र), डाव्या खांद्यावरून उतरणाऱ्या खोल चुण्या आणि लाटांसारखे मागे वळवून माथ्यावर बांधलेले केस, असे तिचे रूप होते. हे सारे अलेक्झांडरबरोबर आलेल्या ग्रीकांचे देणे, असे शाळेपासून ऐकत आलो आहे. परंतु तो तक्षशिलेला आला इ. स. पू. ३२६ मध्ये, आणि ही शिल्पे मुख्यतः इसवी सनाच्या पहिल्या शतकापासून पुढची, कुषाण राजांच्या काळातील. मग मधल्या चारशे वर्षांचे काय? आणि कार्ल्याच्या लेण्यात यवनांनी, म्हणजे ग्रीकांनी, स्तंभ दान दिलेले असूनही तिथे यातले काहीच का दिसत नाही?

पाथरवट:
आपली शंका रास्त आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रेंच अभ्यासक आल्फ्रेद फूशे यांनी बुद्धमूर्तीचे जनकत्व ग्रीक परंपरेला दिले. पुढे ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर आदींनी रोमकडे बोट दाखवले. मला दुसरे मत अधिक पटते. अफगाणिस्तानात बेग्राम येथे १९३७ आणि १९३९ साली बंद खोल्यांतून भूमध्यसागरी काच, ब्राँझच्या वस्तू आणि ग्रीक-रोमन दृश्यांचे प्लास्टरचे साचेठसे मिळाले. व्यापाराच्या मार्गाने असे नमुने इथवर येत असतील, तर कारागिराने अलेक्झांडरची आठवण जपून ठेवण्याचे कारण उरत नाही.

जुनी नाणी:
पाथरवट यांच्याशी अर्धाच सहमत आहे, कारण मधला काळ रिकामा नव्हता. अमुदर्याकाठच्या आय खानुम या ग्रीक नगरात नाट्यगृह, व्यायामशाळा आणि कोरिंथियन (पानांच्या नक्षीची ग्रीक धाटणीची) स्तंभशीर्षे होती. ते नगर इ. स. पू. दुसऱ्या शतकात उद्ध्वस्त झाले. त्यानंतरही गांधारात ग्रीक पुराणकथा कोरलेल्या छोट्या दगडी तबकड्या घडत होत्या, म्हणजे तिथल्या कारागिरांना ही शैली अगदीच अनोळखी नव्हती. खुद्द कुषाण सम्राट कनिष्काच्या काही सुवर्णनाण्यांवर उभा बुद्ध आहे आणि शेजारी ग्रीक लिपीत ‘बोद्दो’ असे लिहिले आहे! जुन्या ओळखीवर रोमन मालाची नवी भर पडली, असे मी म्हणेन.

अत्त दीप:
शैलीच्या चर्चेत आशय निसटू नये. अनेक शिल्पपटांत बुद्धामागे त्याचा रक्षक वज्रपाणी उभा असतो. तो कधी दाढीवाला, पिळदार, अंगावर सिंहाचे कातडे घेतलेला, म्हणजे थेट ग्रीक पुराणातला वीर हेराक्लिस. पण त्याच्या हाती सोट्याऐवजी वज्र असते आणि काम बुद्धाच्या रक्षणाचे. अकॅन्थस या काटेरी झुडपाच्या पानांनी मढवलेल्या कोरिंथियन स्तंभशीर्षातही पानांच्या मधोमध चिमुकला बुद्ध ध्यानस्थ बसवलेला आढळतो. बुद्धाची मानवी मूर्ती प्रथम गांधारातच घडली, हे फूशे यांचे म्हणणे कलेतिहासकार आनंद कुमारस्वामी यांनी १९२७ साली खोडून काढण्याचा प्रयत्न केला आणि मथुरेच्या यक्षमूर्तींकडे (यक्ष म्हणजे लोकदैवते) लक्ष वेधले. मथुरेचा बुद्ध तांबड्या वालुकाश्मातला, उजवा खांदा उघडा, वस्त्र अंगाला चिकटलेले; त्याला गांधाराची उसनवारी म्हणणे मला तरी जड जाते.

आता कार्ल्याविषयी. धेनुकाकट या गावच्या यवनांची नावे तेथील स्तंभांवर आहेत, आणि नाशिकच्या पांडवलेण्यांत धम्मदेवाचा मुलगा, उत्तरेकडून आलेला योनक (म्हणजे यवनच) इंद्राग्निदत्त याने लेणे कोरवले. ही नावेच पाहा, किती भारतीय आहेत! दाता यवन असला तरी छिन्नी स्थानिक कारागिराच्या हाती होती. शिवाय आपला दगड बेसाल्ट, आणि लेणे वरून खाली, जागच्या जागी कोरायचे. गांधारात शिस्ट या थरांच्या दगडाचे सुटे पट कोरून स्तूपावर बसवत. शिस्टवर निघणाऱ्या बारीक चुण्या इथे कोणी मागितल्याही नसाव्यात, कारण कार्ल्याच्या मूळ चैत्यगृहात पूजेचे स्थान स्तूपाचे आहे. तिथल्या बुद्धमूर्ती नंतरच्या काळात कोरल्या गेल्या.

लेणीवेडा:
सर्वांचे आभार. दात्याचे नाव आणि कारागिराचा हात या दोन गोष्टी मी एकच धरून चाललो होतो. पुढच्या खेपेला संग्रहालयात वज्रपाणी शोधणार आहे.