३६० चे ‘अवयव’ किती? ३, ६ की २४?

शेषशून्य
एका सरावपत्रिकेचं भाषांतर चालू आहे आणि लागोपाठच्या दोन प्रश्नांवर गाडी अडली आहे. पहिल्यात ३६० ला निःशेष भाग जाणाऱ्या सगळ्या संख्या हव्या आहेत. दुसऱ्यात ३६० ही मूळ संख्यांच्या गुणाकाराच्या रूपात लिहायची आहे. मसुद्यात पहिला ‘३६० चे सर्व अवयव लिहा’ आणि दुसरा ‘३६० चे मूळ अवयव पाडा’ असा होता. एका तपासनिसाने पहिला ‘अवयव’ खोडून ‘विभाजक’ केला आणि शेजारी शेरा मारला, ‘अवयव ६, विभाजक २४’. दुसऱ्याने त्याखाली लिहिलं, ‘अवयव ३च’. उत्तरसूचीत काय छापायचं?

तिरकी रेघ
तिन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त तीन वेगळ्या प्रश्नांचे.

३६० = २ × २ × २ × ३ × ३ × ५. वेगवेगळ्या मूळ संख्या ३ (२, ३, ५). पुनरावृत्ती धरून ६. विभाजक मोजायचे तर घातांक ३, २, १ घ्या, प्रत्येकात १ मिळवा आणि गुणा: ४ × ३ × २ = २४. यादीच करायची असेल तर जोड्या लावा: १ × ३६०, २ × १८०, ३ × १२०, ४ × ९०, ५ × ७२, ६ × ६०, ८ × ४५, ९ × ४०, १० × ३६, १२ × ३०, १५ × २४, १८ × २०. बारा जोड्या. १९ चा वर्ग ३६१, म्हणून १८ च्या पुढे जायचंच नाही. तिथून त्याच जोड्या उलट्या येतात. हमखास सुटतात त्या ८ × ४५ आणि १५ × २४. संख्या पूर्ण वर्ग असेल तर शेवटची जोडी एकटी पडते: ३६ मध्ये ६ × ६, तो ६ एकदाच मोजायचा, म्हणून विभाजक ९.

पहिल्या प्रश्नाला ‘विभाजक’. विषय संपला.

बोरूवाला
एवढ्यात कसा संपेल? ‘भाजक’ हा साधा शब्द असताना ‘वि’ कशाला चिकटवायचा? भाग देणारा तो भाजक.

तिरकी रेघ → बोरूवाला
१७ ला ५ ने भागा. भाज्य १७, भाजक ५, भागाकार ३, बाकी २. ५ इथे भाजक आहे, पण १७ चा विभाजक नाही. भाजक ही भागाकाराच्या मांडणीतली जागा, तिथे शून्य सोडून कोणीही बसतो. विभाजक व्हायला बाकी शून्य लागते. त्या ‘वि’वरच सगळं उभं आहे.

पाडापाडी
क्रियापदाकडे कोणी बघतच नाहीये. अवयव *पाडतात*, विभाजक *काढतात* किंवा *शोधतात*. ‘विभाजक पाडा’ असं कोणी म्हणत नाही, कानालाच खटकतं. पाडणे म्हणजे तुकडे पाडणे, फोडी पाडणे, वाटे पाडणे. सगळे तुकडे परत जुळवले की अख्खी वस्तू हातात आली पाहिजे. २ × २ × २ × ३ × ३ × ५ पुन्हा गुणलं की ३६० परत मिळतात. चोवीस विभाजक एकमेकांत गुणून काय मिळणार? ३६० चा बारावा घात. म्हणजे ‘सर्व अवयव लिहा’ यातला दोष नामापेक्षा ‘लिहा’मध्ये जास्त आहे.

अव्यय
सुंदर. व्युत्पत्तीही हेच सांगते: अव + यु, वेगळं करणे. न्यायशास्त्रातलं (भारतीय तर्कशास्त्रातलं) पंचावयव वाक्य घ्या: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. पाचही मिळून एक वाक्य, एक गळला तर ते लंगडं. अवयव हा नेहमी अवयवीचा असतो, सुटा नसतो.

बोरूवाला
हात, पाय, डोकं यांची बेरीज होते, गुणाकार नाही. उपमाच चुकीची. हिंदीतला ‘गुणनखंड’ निदान गुणाकाराचा आहे हे तरी सांगतो. तोच उचलावा, संस्कृतच तर आहे.

अव्यय → बोरूवाला
संस्कृतातला ‘खंड’ तुमच्याच विरुद्ध साक्ष देईल. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) १३५ × १२ चं उदाहरण आहे. तिथे गुणकाचे ‘खंड’ करतात ते बेरजेचे: १२ = ८ + ४, मग १०८० + ५४० = १६२०. निःशेष भागणारी संख्या घेऊन १३५ × ३ × ४ करायची रीत वेगळी सांगितली आहे. म्हणजे नुसत्या ‘खंडा’ला गुणाकार कळत नाही, मागे ‘गुणन’ची कुबडी लावावी लागते. आणि खास शब्द हवाच असेल तर नारायण पंडितांच्या गणितकौमुदीत (१३५६) या विषयाच्या प्रकरणाचं नावच ‘भागादान’ आहे. आदान म्हणजे घेणे. भाग घेणे!

पाडापाडी
‘३६० चे भागादान करा’ असा प्रश्न आला तर मुलं वर्गणी काढतील.

तिरकी रेघ
नाव राहू द्या, रीत बघा, फार देखणी आहे. ३९१ घ्या. लगतचा मोठा वर्ग २० चा, ४००. ४०० − ३९१ = ९, म्हणजे ३ चा वर्ग. मग (२० − ३) × (२० + ३) = १७ × २३. फरक वर्ग निघाला नाही तर २१, २२ असं पुढे जायचं. विषम संख्येचे दोन अवयव जवळजवळ असले की लगेच फळ येतं, लांब असले की दमछाक. फ्रेंच गणिती फर्माने १६४३ मध्ये हीच युक्ती वापरून २०२७६५१२८१ चे ४४०२१ × ४६०६१ असे अवयव पाडले.

नेहमीच्या पद्धतीत ३९१ वर बहुतेक जण फसतात. २, ३, ५, ७, ११, १३ तपासून ‘मूळ संख्या’ म्हणून मोकळे होतात. १७ चा वर्ग २८९ आणि १९ चा ३६१, दोन्ही ३९१ च्या आत, म्हणजे १७ आणि १९ तपासल्याशिवाय निकाल देता येत नाही. ३९७ ला मात्र १९ पर्यंत कशानेच भाग जात नाही आणि २३ चा वर्ग ५२९, म्हणून ती खरंच मूळ.

शेषशून्य
हे सगळं छान, पण पत्रिकेत बीजगणिताचाही भाग आहे. तिथे ‘अ वर्ग वजा ब वर्ग’चे अवयव पाडा असंच असतं. ‘६क्ष + १२’चे अवयव ६ × (क्ष + २) लिहिले की पूर्ण गुण, ६ चे २ × ३ कोणी मागत नाही. मग नुसत्या ‘अवयवा’त मूळपण गृहीत नाही ना?

तिरकी रेघ → शेषशून्य
नाही. ४ × ९० हेही ३६० चे अवयवच. म्हणून ‘मूळ’ हे विशेषण दरवेळी लिहायचं. ते गाळलं की उभ्या मांडणीत डावीकडे ४ आणि ९ येऊन बसतात. दुसरी नेहमीची चूक त्याच मांडणीतली: ६४४ ला २ ने ३२२, २ ने १६१, ७ ने २३. इथे २३ मूळ म्हणून थांबतात आणि उत्तरात डावीकडचे तेवढेच उतरवतात, २ × २ × ७. तो गुणाकार २८ येतो. उजवीकडचा २३ कागदावरच राहिला. १ येईपर्यंत भागत जा, म्हणजे २३ डावीकडे येईल.

बोरूवाला
‘मूळ’ हाच गोंधळाचा शब्द आहे. सूचना वाचा: ‘मूळ संख्येला पुन्हा २ ने भागा.’ कोणती? सुरुवातीची ३६० की २, ३, ५ वाली? शिवाय वर्गमूळ वेगळंच. अविभाज्य म्हणा.

पाडापाडी → बोरूवाला
अविभाज्य म्हणजे ज्याचे भाग होत नाहीत. ७ ला १ ने आणि ७ ने भाग जातो की. आणि वृत्तपत्रांनी ‘अविभाज्य घटक’ म्हणत म्हणत त्या शब्दातला जीव कधीच काढून घेतलाय. सूचनेत ‘दिलेल्या संख्येला’ लिहा, भांडण मिटलं.

बोरूवाला
बरं, मग १ मूळ का नाही? तिला तर १ शिवाय कशानेच भाग जात नाही.

तिरकी रेघ
एकेकाळी धरत असत. अमेरिकी गणिती लेमरच्या १९१४ च्या मूळ संख्यांच्या यादीची सुरुवातच १ ने होते. पण १ मूळ धरली की ३६० चे मूळ अवयव १ × २ × २…, १ × १ × २ × २… असे हवे तितके प्रकार होतात आणि ‘एकाच प्रकारे पडतात’ हा नियम कोसळतो. म्हणून १ ना मूळ, ना संयुक्त.

अव्यय
विभाजकाचा ‘वि’ निघालाच आहे तर मसावि आणि लसावि बघा. मसाविचा ‘वि’ विभाजक, लसाविचा ‘वि’ विभाज्य. एकच अक्षर, अर्थ उलटे. २४ आणि ३६ चा मसावि १२, लसावि ७२. ‘महत्तम’ लहान आणि ‘लघुतम’ मोठा. आणि ‘सा’ म्हणजे सामाईक की साधारण?

पाडापाडी
सामाईक. ‘साधारण’ला मराठीत ‘बेताचा’ अशी छटा आहे.

बोरूवाला
साधारणच! सामाईक विहीर असते, विभाजक नव्हे.

शेषशून्य
पत्रिकेत मसावि अजून आलेला नाही हो. ‘३६० चे सर्व विभाजक लिहा’ आणि ‘३६० चे मूळ अवयव पाडा’ असं ठेवतोय. पण ‘अवयव ३च’वाले तपासनीस ऐकायला तयार नाहीत. ‘२ तीनदा लिहिला म्हणून तीन अवयव होत नाहीत’ म्हणतात. याला काय उत्तर देऊ?

अव्यय
त्यांना विचारा, सामाईक की साधारण.