३१५ रायफल देऊन बारा बोअर दुनळी घ्यायची आहे, वर पैसे कोणी द्यायचे?

घाटमाथा: काका वारल्यावर त्यांची ३१५ बोअर रायफल वारसाने माझ्या परवान्यावर आली. ईशापूरच्या सरकारी कारखान्याची आहे. दस्त्याचं वार्निश आरशासारखं चमकतंय. मला शेताच्या राखणीला रायफल जास्तच होते, दुनळी बरी. शेजारच्या तालुक्यातल्या एका परवानाधारकाकडे जुनी बेल्जियन दुनळी आहे. तो म्हणतो, रायफल द्या आणि वर २० हजार द्या. दुकानदाराला विचारलं तर त्याने रायफलीचे ४० हजार सांगितले, तेही उपकार केल्यासारखे. माझं म्हणणं, काकांनी ती फारशी झाडलीच नाही, म्हणजे नव्यासारखीच. तेव्हा वरचे पैसे त्याने मला द्यायला हवेत. तुमचं मत सांगा.

बाराबोअर: फारशी झाडली नाही हा गुण कधीपासून झाला? चार गोळ्या झाडून न पुसता ठेवलेली नळी शंभर गोळ्या झाडून रोज तेल लावलेल्या नळीपेक्षा वाईट. जुन्या काडतुसांच्या बुडातल्या पेटत्या टोपीतले क्षार नळीत बसतात, हवेतलं पाणी ओढतात आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात आठवड्यात गंज धरतो. शिवाय दर आचारसंहितेला ही रायफल ठाण्यात जमा होत असणार. तिथे तिला कोण तेल घालतंय? रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करा, बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) काढा, मागच्या बाजूला पांढरा कागद धरा आणि तोंडाकडून बघा. आटे, म्हणजे नळीतल्या पिळाच्या खाचा, स्वच्छ दिसले तर पुढे बोलू.

आर्मरर_निवृत्त: बाराबोअर, बोललात ते खरं, पण आट्यांत थोडे खड्डे दिसले म्हणून रायफल भंगारात जात नाही. खड्डेवाल्या नळ्या पण नीट गोळी टाकतात, फक्त घासायला त्रास होतो. मी आधी नळीच्या तोंडाची कड बघतो. या रायफलीचा बोल्ट मागे निघतो, तरी लोक आळसाने साफ करायचा गज पुढून घालतात आणि कड एका बाजूने झिजवतात. मग गोळी कुठे जाईल त्याचा नेम नाही. दुसरं म्हणजे बोल्टवरचा नंबर बॉडीवरच्या नंबराशी जुळतो का ते बघा. नसेल जुळत तर बोल्ट दुसऱ्या रायफलीचा आहे. झाडलेलं एखादं रिकामं काडतूस घरात सापडलं तर त्याच्या बुडाच्या जरा वर चकचकीत कडं उमटलंय का ते पाहा. उमटलं असेल तर आर्मररला, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणाऱ्याला, दाखवल्याशिवाय झाडू नका.

कोर्टकचेरी: दोघंही नळीत डोळा घालून बसलात. भाव कागदावर ठरतो हो. डिसेंबर २०१९ मध्ये शस्त्र कायदा बदलला आणि एका माणसाकडे तीनऐवजी दोनच शस्त्रं राहू लागली. विधेयकात आधी तर एकच होतं. ज्यांच्याकडे तिसरं होतं त्यांना ते काढावं लागलं. माल वाढला, पण ज्याच्या परवान्यावर रायफलीची जागा रिकामी आहे असा घेणारा किती ठिकाणी मिळतो? नळी सोन्याची असली तरी गिऱ्हाईक नसेल तर ४० हजारच. आणि दोन परवानाधारकांनी परस्पर अदलाबदल करायची तर आधी लेखी कळवा, ४५ दिवस थांबा, मग हात लावा.

घाटमाथा: हाच नियम त्याच्या दुनळीलाही लागतो ना? मग तिचाच भाव वर का?

कोर्टकचेरी: ऐंशीच्या दशकात आयात बंद झाली तेव्हापासून विलायती शिक्का असलेल्या हत्याराला आपल्याकडे वेडा भाव आहे. तुमची ३१५ ईशापूरला होते आणि तिची काडतुसं आपल्या खडकीत. नवी मिळत असताना जुनीला नवीच्या वर कोण देणार?

ह्यूस्टनकर: इथून सांगतो. टेक्सासात एका राज्यातल्या दोघांना आपसात रायफल विकायला परवाना लागत नाही, त्यामुळे भाव निव्वळ हत्याराच्या अवस्थेवर ठरतो. मूळ झिलई किती टक्के उरली हे विचारतात. दस्त्यावर नवं वार्निश मारलंय म्हटलं की घेणारा दोन पावलं मागे सरकतो. पण घाटमाथा, तुमच्या रायफलीला इतिहास आहे. इंग्रजांनी लष्करी ३०३ सामान्य माणसाला मिळू दिली नाही, म्हणून त्याच लष्करी एन्फिल्ड रायफलीच्या धाटणीवर ही ३१५ आली. संग्राहक अशा गोष्टींना पैसे मोजतात.

कोर्टकचेरी: संग्राहक तुमच्याकडे, साहेब. इथे दोनच जागा असताना त्यातली एक इतिहासावर कोण घालवेल?

बाराबोअर: आणि वार्निशचं ह्यूस्टनकर बरोबर बोलले. आरशासारखा दस्ता ऐकूनच मला शंका आली. दस्त्याच्या मनगटाजवळची, म्हणजे मुठीत धरतो त्या बारीक भागाची, चीर लपवायला मारतात ते.

आर्मरर_निवृत्त: सगळे रायफलीवरच बोलताय. सौद्यात दोन हत्यारं आहेत. दुनळीचं काय? ती खोलून नळ्या वेगळ्या करा, खालची बाजू बघा. लंबगोलात ईएलजी हा बेल्जियमच्या लीज शहरातल्या चाचणीघराचा शिक्का. तो असला म्हणजे सगळं झालं असं नाही, सिंहाबरोबर पीव्ही अक्षरं आहेत का ते बघा. ती धूररहित दारूची, म्हणजे आजच्या काडतुसांतल्या दारूची, चाचणी. चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, ६५ मिलिमीटरचं असेल तर ७० ची काडतुसं घालायची नाहीत, भले ती आत बसोत. मग पुढचं लाकूड काढून, बंदूक बंद करून हलवा. खडखडली तर सांधा सैल झालाय, आणि ती दुरुस्ती स्वस्त नाही.

घाटमाथा: फोटो मागवले. ईएलजी दिसतंय. चेंबर ६५. पीव्ही कुठेच नाही.

आर्मरर_निवृत्त: मग २० हजार राहू द्या, बरोबरीचा बदलाही करू नका.

बाराबोअर: एवढं टोकाचं नको. शिक्का गंजाखाली बुजलेला असू शकतो. आणि जुन्या, धूर करणाऱ्या काळ्या दारूवर ती चालेलच की.

आर्मरर_निवृत्त: काळ्या दारूची भरलेली काडतुसं कोणत्या दुकानात मिळतात ते सांगा, मीच घेऊन येतो.

घाटमाथा: रविवारी नळ्या प्रत्यक्ष बघून येतो. शिक्का नाही सापडला तर रायफल दुकानदारालाच देईन, पण ४० ला नाही. आधी बोल्टचा नंबर बघतो.