शब्दचर्चा: 'राज्य परिवहन विभागावर देखरेखीसाठी स्वतंत्र आयोग' हे मराठी बरोबर आहे का?

प्रश्न (अनुवादक, पुणे)

अमेरिकेतल्या राज्यांच्या कारभारावरच्या एका लेखाचा अनुवाद करते आहे. आर्कान्सा राज्यात नोव्हेंबर १९५२ मध्ये मतदारांनी राज्यघटनेची ४२वी दुरुस्ती मंजूर केली आणि रस्त्यांचं खातं पाच जणांच्या कमिशनकडे गेलं. मी लिहिलं: 'राज्य परिवहन विभागावर देखरेख ठेवण्यासाठी स्वतंत्र आयोग स्थापन करण्यात आला.' घरात वाचून दाखवलं, तर पहिलाच प्रश्न आला, 'तिकडच्या एसटीसाठी का?' यातला कुठला शब्द बदलू?

निवृत्त उपअभियंता, सातारा

ताई, घरच्यांनी बरोबर पकडलं. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली बस धावली, तेव्हापासून 'राज्य परिवहन' म्हणजे आपल्याकडे एसटी, आणि 'परिवहन विभाग' म्हटलं की लायसन आणि आरटीओ. 'वाहतूक विभाग' लिहिलंत तर चौकातला शिट्टीवाला हवालदार डोळ्यांसमोर येईल. आर्कान्साचं ते खातं रस्ते आणि पूल बांधतं, दुरुस्त करतं. आमच्या भाषेत ते बांधकाम खातं. शिवाय १९५२ साली त्याच्या नावात महामार्गच होते, 'ट्रान्सपोर्टेशन' हा शब्द १९७७ मध्ये जोडला गेला आणि सध्याचं नाव २०१७ चं आहे. त्यामुळे 'महामार्ग खातं' बिनधास्त लिहा. २०१७ नंतरचा मजकूर असेल तर 'रस्ते व वाहतूक खातं'.

विधी अनुवादक, मुंबई

खात्याचा प्रश्न मिटला. मला 'देखरेख' जास्त खटकते. देखरेख करणारा माणूस बघतो, टिपण ठेवतो, वर कळवतो, निर्णय मात्र दुसऱ्याचा असतो. आर्कान्साचं कमिशन खात्याचा संचालक नेमतं आणि कुठला रस्ता आधी करायचा ते ठरवतं. ही देखरेख नव्हे, हा कारभार आहे. संविधानाच्या मराठी पाठात निवडणूक आयोगासाठी 'अधीक्षण' आहे, पण सामान्य वाचक तिथे अडखळेल. आपल्याकडे 'अखत्यारीत' हा चांगला रुळलेला शब्द आहे: 'महामार्ग खातं आयोगाच्या अखत्यारीत आलं.' कोणाचा हुकूम चालतो ते त्यात लगेच कळतं.

'नियामक आयोग' मात्र कृपा करून नको. आपला वीज नियामक आयोग दर ठरवतो, कंपन्यांना नियम घालून देतो. कंपनीचा मुख्य अभियंता तो नेमत नाही.

निवृत्त उपअभियंता, सातारा

आणि त्या पाच जणांना 'आयुक्त' म्हणू नका. आयुक्त आणि आयोग एकाच धातूतून आले असले तरी आपल्याकडे परिवहन आयुक्त, साखर आयुक्त हे शासनाचे पगारी अधिकारी. आज इथे, उद्या बदली होऊन तिथे. 'महामार्ग आयुक्त' वाचून कोणालाही तेच वाटेल. 'आयोगाचे सदस्य' लिहा, दोन अक्षरं वाढली तरी चालतील. 'कमिशन' हा शब्द तर रस्त्याच्या कामाच्या जवळपासही नको. ठेकेदारीत त्याचा अर्थ टक्केवारी. सगळी नोकरी हा शब्द त्याच अर्थाने ऐकण्यात गेली आणि दर वेळी चीड आली.

प्रश्नकर्ती

आभार. पण 'आयोग' म्हटलं की वाचकाला चौकशी आयोग किंवा वेतन आयोग आठवतो ना? अहवाल देतो आणि बरखास्त होतो. मग 'महामंडळ' जास्त टिकाऊ वाटणार नाही का?

विधी अनुवादक, मुंबई

टिकाऊ वाटेल, पण स्वतंत्र नाही. एसटी महामंडळाच्या अध्यक्षपदी अनेकदा खुद्द परिवहनमंत्रीच बसलेले आहेत. आर्कान्साला नेमकं तेच टाळायचं होतं. 'आयोग'च ठेवा. लोकसेवा आयोग, निवडणूक आयोग हे कायमचेच आहेत, वाचकाला सवय आहे.

तुमच्या लेखात दोन्ही प्रकारचे आयोग येणार, तिथे जपा. आधी महामार्ग खात्याच्या व्यवहारांचा तपास करायला एक ऑडिट कमिशन नेमलं गेलं. त्यातून ठेके आणि खरेदीतल्या वशिल्याचे आरोप १९५२ मध्ये गाजले आणि त्याच वर्षी गव्हर्नर सिड मॅकमॅथ पक्षांतर्गत निवडणुकीत फ्रान्सिस चेरी यांच्याकडून हरले. पहिल्याला 'चौकशी आयोग' म्हणा आणि दुसऱ्याला 'महामार्ग आयोग'. दोन्हीकडे नुसतं 'आयोग' लिहिलंत तर चौकशी करणारेच पुढे खातं चालवायला बसले असा समज होईल.

वाचक, डॅलस

'स्वतंत्र' या शब्दाबद्दल कोणीच बोललं नाही. मराठीत त्याचा पहिला अर्थ 'वेगळा' असा लागतो. 'तालुक्यासाठी स्वतंत्र कार्यालय' म्हणजे वेगळं कार्यालय, कोणाच्याही दबावाखाली नसलेलं कार्यालय नव्हे. म्हणून स्वतंत्र कशामुळे, ते वाक्यातच सांगावं. आर्कान्सात पाच सदस्यांची मुदत दहा वर्षांची आहे आणि ती एकदम संपत नाही, दर दोन वर्षांनी एक जागा रिकामी होते. त्या काळी तिथल्या गव्हर्नरची मुदतही दोनच वर्षांची होती. म्हणजे एका कारकिर्दीत साधारण एकच माणूस नेमता यायचा, तोही सिनेटच्या संमतीने. आणि सबळ कारण असल्याशिवाय कोणाला काढता येत नाही. ही तरतूद मला फार मोलाची वाटते, कारण तिच्यामुळेच 'स्वतंत्र' या शब्दाला वजन आहे.

आमच्या टेक्ससमध्येही पाच सदस्य, पण मुदत सहा वर्षांची, आणि गव्हर्नरने किती वेळा निवडून यावं याला मर्यादा नाही. दुसऱ्या कारकिर्दीत पाचही सदस्य त्याच्याच नेमणुकीचे असू शकतात. इथल्या आयोगाला मी 'स्वतंत्र' हे विशेषण जपूनच लावेन. वॉशिंग्टन राज्यात तर २००५ पासून खात्याचा प्रमुख गव्हर्नरच नेमतो. आयोग अजून आहे, तो टोलचे आणि फेरीबोटींचे दर ठरवतो, पण खातं त्याच्या अखत्यारीत नाही.

निवृत्त उपअभियंता, सातारा

वा, हे पटलं. एकदम न संपणाऱ्या मुदतीसाठी 'क्रमाक्रमाने निवृत्ती' चालेल. विधान परिषदेमुळे कल्पना ओळखीची आहे. आणि 'गव्हर्नर'चं 'राज्यपाल' करू नका. आपले राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात, तिकडचा गव्हर्नर स्वतःच सरकार चालवतो.

प्रश्नकर्ती

मग वाक्य असं करते: '१९५२ च्या घटनादुरुस्तीने आर्कान्साचं महामार्ग खातं पाच सदस्यांच्या कायमस्वरूपी आयोगाच्या अखत्यारीत आलं. सदस्यांची मुदत दहा वर्षांची, निवृत्ती क्रमाक्रमाने. गव्हर्नरला त्यांना मर्जीनुसार काढता येत नाही.' यात 'स्वतंत्र' उरलाच नाही. मथळ्यात ठेवू का?

विधी अनुवादक, मुंबई

मथळ्यात ठेवा, पण 'गव्हर्नरपासून स्वतंत्र' असा. आणि 'मर्जीनुसार' तसंच राहू द्या, 'स्वेच्छाधिकारानुसार' करू नका.