काड्यांना फुटवा येतो, मुळं येत नाहीत: घरचं कोणतं पाणी चालेल?

गच्चीबाग_धुळे
मोगरा, जास्वंद आणि कागदी लिंबाच्या काड्या लावल्यात. काळी माती आणि शेणखत निम्मं-निम्मं, बोअरचं पाणी. काड्या रात्रभर शेवग्याच्या पाल्याच्या रसात बुडवल्या, नंतर दर चार दिवसांनी तोच रस पातळ करून दिला. पंधरा दिवसांत कोवळी पानं फुटतात, मग माना टाकतात. उपटून पाहिलं तर खाली मूळ नाही. मुळं फुटायची बाजारची पावडर नको आहे, झाडपाल्याचंच काही सांगा.

गिरणाकाठ
ताई, रस चुकीच्या कामाला लावलाय. शेवग्याच्या पाल्यात झिॲटिन असतं. ते सायटोकायनिन, म्हणजे काडीवरचे डोळे (कोंब) फोडणारं संप्रेरक. उभ्या पिकावर एकास तीस पाण्यात फवारलं तर उत्तम, पण बिनमुळाच्या काडीत ते मुळांच्या आड येतं. काडी साठवलेलं अन्न पानांवर खर्च करते आणि ते संपलं की वाळते. नारळपाण्याचंही तेच, वर त्यातल्या साखरेने बुरशी धरते.

मुळांना ऑक्सिन, म्हणजे मुळं फोडणारं संप्रेरक लागतं आणि ते वाळुंजाच्या कोवळ्या फांद्यांत मिळतं. नदी-ओढ्याच्या काठी ओल्या जागी हे झाड असतं. यंदाच्या वाढीच्या, पेन्सिलीपेक्षा बारीक, हिरवट सालीच्या फांद्या घ्या. पानं काढून टाका आणि दोन-तीन सेंटीमीटरचे तुकडे करा. पेलाभर तुकड्यांवर दोन लिटर उकळतं पाणी ओता, झाकण ठेवून २४ तासांनी गाळा. थंड पाण्यात करायचं तर ४८ तास. चुलीवर आटवत बसायची गरज नाही.

काडी डोळ्याच्या लगेच खाली तिरकी कापा. वर दोनच पानं ठेवा, तीही अर्धी कापून. खालचा चार-पाच सेंटीमीटर भाग रात्रभर या पाण्यात ठेवून सकाळी लावा. लावल्यावर आठवड्याच्या अंतराने दोनदा हेच पाणी द्या, पुरे.

एक काळजी घ्याच. लांबट पानं बघून कण्हेर तोडून आणू नका, ती विषारी आहे. कण्हेरीची पानं एका जागी तीन-तीन असतात. वाळुंजाची एकाआड एक येतात आणि पानाची पाठ पांढुरकी दिसते.

रोपवाटिका_जळगाव
वाळुंजाचं पाणी बरोबर, पण त्याच्यात ऑक्सिन किती उतरेल ते फांदीच्या कोवळेपणावर आहे. दर वेळी सारखं निघत नाही. मोगरा आणि जास्वंद मुळं धरायला सोपी, तिथे त्याचा उपयोग होतो. कागदी लिंबाची काडी हट्टी असते, तिथे नुसत्या काढ्यावर भिस्त ठेवू नका. लिंबाला गुटी बांधा, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळं आणा. पावसाळ्यात पेन्सिलीएवढ्या फांदीवरून अडीच-तीन सेंटीमीटर सालीचं कडं काढायचं आणि आतला बुळबुळीत थर चाकूच्या पाठीने खरवडायचा. तो राहिला तर साल परत जुळते आणि गुटी फसते. गुटीचं वाळलेलं शेवाळ (मॉस) वाळुंजाच्या पाण्यात भिजवून घट्ट पिळा, भोवती बांधा आणि वरून प्लॅस्टिक आवळा. दीड-दोन महिन्यांत प्लॅस्टिकमधून पांढरी मुळं दिसतात. ती तपकिरी पडू लागली की फांदी कापायची.

तुमचा दुसरा घोटाळा मातीचा आहे. काळी माती पाणी धरून ठेवते, काडीच्या बुडाला हवा मिळत नाही. त्यात शेणखत कच्चं असेल तर कुज ठरलेली. दोन भाग धुतलेली नदीची वाळू आणि एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एवढंच घ्या. खत मुळं आल्यावर. काडी उपटल्यावर बूड काळं आणि मऊ लागलं तर पाणी जास्त झालं. कोरडं, सुरकुतलेलं असेल तर ऊन-हवा लागली. फिकट, खरखरीत गाठ दिसली तर काडी जिवंत आहे, परत लावा.

गच्चीबाग_धुळे
धन्यवाद दादा. कुंडीच्या काठावर पांढरे डाग येतात, ते बोअरच्या पाण्याचे का? आणि वाळुंज मिळालंच नाही तर केळीच्या सालीचं पाणी चालेल का?

रोपवाटिका_जळगाव
हो, ते क्षार. काड्यांना साठवलेलं पावसाचं पाणी द्या, काढाही त्याच्यातच करा.

केळीची सालं आपल्याकडे मुबलक, म्हणून प्रत्येक जण तेच सांगतो. त्या पाण्यात पालाश (पोटॅश) उतरतं, ते खत झालं. काडीला खत घ्यायला मूळच नाही. उलट पाणी आंबतं आणि चिलटं येतात. साली कंपोस्टमध्ये टाका.

गिरणाकाठ
वाळुंज नसेल तर कोरफडीचा ताजा गर. पान कापून उभं धरा, पिवळा चीक निथळू द्या, मग गर काढून काडीचं बूड त्यात बुडवा आणि लगेच लावा. वाळुंजाइतका भरवसा नाही, पण कापलेली जागा ओलसर राहते.

वाळुंजाचं पाणी फ्रिजमध्ये झाकून ठेवलं तर महिनाभर चालतं. बाहेर आपल्या उन्हाळ्यात दोन दिवसांतच वास मारू लागतं, तसं झालं की फेकून द्या. आणि चैत्र-वैशाखात काड्या लावूच नका. पारा ४४-४५ वर असताना मूळ धरायच्या आत काडी सुकते. आषाढात पाऊस स्थिरावला की लावा, सावलीत.