रनऑफला चार आठवडे राहिलेत, घरोघरी फिरून खरंच काही होतं का? (शिकागो)

उत्तरवारा

मंडळी, मी शिकागोत राहते, शहराच्या उत्तर भागात, वॉर्डाचा नंबर मुद्दाम लिहीत नाहीये कारण इथे कोण कोणाला ओळखतं काही सांगता येत नाही. २८ फेब्रुवारी २०२३ ला इथे महापौर आणि नगरसेवकांची निवडणूक झाली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, इथे ५० वॉर्ड आणि ५० नगरसेवक, बॅलटवर पक्ष नसतो, आणि निवडून यायला निम्म्याहून जास्त मतं लागतात. कोणालाच तेवढी नाही मिळाली तर पहिल्या दोघांत परत निवडणूक, तीच रनऑफ, या वेळी ४ एप्रिलला. १४ वॉर्डांत रनऑफ आहे, त्यातला एक आमचा.

मी जिच्यासाठी फिरतेय ती बाई आमच्याच गल्लीतली, आधी कुठलंही पद नाही, मोठा पैसा नाही, किचन टेबलवर बसून काम चालतं. उभं राहायला या वेळी ४७३ सह्या लागत होत्या, त्या पण आम्हीच नोव्हेंबरच्या थंडीत किराणा दुकानाबाहेर उभं राहून गोळा केल्या होत्या. ती थोडक्या फरकाने दुसरी आली. आता टीममध्ये वाद असा आहे की पहिल्या फेरीत ज्यांनी आम्हाला हो म्हटलं होतं त्यांच्याकडेच परत जायचं की सगळी दारं नव्याने वाजवायची. आमचा कोऑर्डिनेटर म्हणतो जुन्यांकडेच. मला पटत नाहीये, मी सांगलीची, आमच्याकडे उमेदवार गल्लीतलं एक घर सोडत नाही, सोडलं तर पाच वर्षं ऐकून घ्यावं लागतं.

अजून दोन गोष्टी. एक, मी ग्रीन कार्डवर आहे, मला स्वतःला मत नाही, मग दारात उभं राहून दुसऱ्याला मत द्या सांगताना कसंतरीच होतं. दोन, महापौरपदाच्या रनऑफमध्ये वलास आणि जॉन्सन आहेत, तर प्रत्येक दुसऱ्या दारात लोक विचारतात तुमची बाई वलासकडे की जॉन्सनकडे, आणि तिने अजून कोणालाच पाठिंबा दिलेला नाही. काय उत्तर देऊ?

डेव्हनकाका

ताई, आधी मनापासून कौतुक. मी ९४ सालापासून इथे आहे, डेव्हन अ‍ॅव्हेन्यूच्या मागच्या गल्लीत, आमचा ५०वा वॉर्ड. २०११ ची रनऑफ मला नीट आठवते. बर्नी स्टोन म्हणून नगरसेवक होता, १९७३ पासून, म्हणजे मी इथे आलो तेव्हाच त्याला वीस वर्षं झाली होती. रस्त्यावरचा दिवा गेला, कचऱ्याचा डबा फुटला, की त्याच्या ऑफिसला फोन, असं सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं. त्याला पहिल्या फेरीत निम्मी मतं मिळाली नाहीत तिथेच आम्ही ओळखलं की गेला. आणि गेलाच, डेब्रा सिल्व्हरस्टीन आली, अजून तीच आहे. जुना माणूस पहिल्या फेरीत अडकला याचा अर्थ निम्म्याहून जास्त लोकांनी त्याला सोडून दुसऱ्या कोणाला तरी मत दिलेलं असतं. तुमच्या वॉर्डात समोरचा जुना नगरसेवक आहे की सीट रिकामी आहे ते तुम्ही लिहिलंच नाही, सगळं गणित त्यावर आहे.

त्याच वर्षी ४७व्या वॉर्डातून आपला अमेय पवार निवडून आला होता, शिकागोच्या कौन्सिलमधला पहिला भारतीय वंशाचा माणूस. तो तर रनऑफला गेलाच नाही, पहिल्याच फेरीत पन्नासच्या जेमतेम वर. कोणी ओळखत नव्हतं हो त्याला, मावळत्या नगरसेवकाचा पाठिंबा दुसऱ्यालाच होता. दोनच टर्म करीन म्हणाला आणि खरंच दोन करून थांबला. मग २०१९ ला शहराच्या खजिनदारपदाला उभा राहिला, तिथे मात्र रनऑफमध्ये हरला. एक वॉर्ड पायी फिरून होतो, अख्खं शहर नाही होत.

बाकी महापौराच्या प्रश्नावर एकच सल्ला, गप्प राहा.

उत्तरवारा

धन्यवाद काका. सीट रिकामी आहे, जुने नगरसेवक उभे नव्हते. समोरच्याकडे पैसा बराच आहे, रोज एक गुळगुळीत कार्ड येतंय पोस्टाने.

तीन_मजली

मी २०१९ ला ३३व्या वॉर्डात फिरलेय, रोसाना रॉड्रिगेझ सांचेझसाठी, त्यामुळे थोडं लांबलचक लिहिते.

समोर डेब मेल होती. तिचे वडील डिक मेल १९७५ पासून तिथले नगरसेवक, २०१३ ला त्यांनी सोडलं आणि महापौर इमॅन्युएलनी मुलीला नेमलं, म्हणजे घराणंच, आपल्याकडच्या लोकांना वेगळं समजावून सांगायला नको. पहिल्या फेरीत तिघी होत्या, तिसरी बाद झाली, या दोघी राहिल्या. २ एप्रिलला मतदान झालं आणि निकाल त्या रात्री लागलाच नाही, पोस्टाने आलेली मतं येत राहिली, दोन आठवडे आम्ही रोज आकडा बघत होतो. शेवटी रोसाना १३ मतांनी आली. तेरा!! आमच्या तीन मजली बिल्डिंगच्या एका दारामागे तेवढे लोक राहतात.

तेव्हापासून माझं डोकं फक्त एका गोष्टीवर चालतं. रनऑफला लोक परत येतातच असं नाही. त्यांना वाटतं आपण मत दिलंय की, झालं ना फेब्रुवारीत. मला दारात खरंच एक आजोबा म्हणाले होते, अगं मी दिलं तिला मत, ती आली ना निवडून? ते अजिबात विनोद करत नव्हते. २०१९ ला शहरात पहिल्या फेरीला ३५ टक्क्यांच्या आसपास मतदान झालं होतं आणि महापौराची चुरस असूनही रनऑफला त्याहून थोडं कमीच. म्हणून तुमचा कोऑर्डिनेटर बरोबर बोलतोय. आधी आपले. ज्याने हो म्हटलंय त्याच्याकडे परत जा, पण "आम्हाला मत द्या" असं नका म्हणू, ते त्याने दिलंय. त्याला विचारा कधी जाणार, कुठल्या दिवशी, कामावरून आल्यावर की सकाळी, पोस्टाने मागवलं असेल तर पाकीट आलंय का, सही केलीय का. माणूस तोंडाने वार सांगतो तेव्हा त्याचं जायचं ठरतं. २० मार्चपासून सगळ्या वॉर्डांत मतदानाच्या दिवसाआधीच मत द्यायची सोय सुरू होतेय, म्हणजे तुमच्याकडे एक दिवस नाही, पंधरा-सोळा दिवस आहेत.

ते झालं की बाद झालेल्या उमेदवारांचे लोक. इथे तुमचा सांगली पॅटर्न चालेल. ते चिडलेले असतात, त्यांचा माणूस हरलाय, त्यांच्या दारात आपल्या बाईचं कौतुक सांगत बसू नका, त्यांचा उमेदवार कुठल्या कामासाठी उभा होता ते विचारा आणि ऐका. शक्य असेल तर तुमच्या बाईने त्या हरलेल्या उमेदवाराला स्वतः भेटावं, फोनवर नको. आणि समोरच्याच्या पक्क्या लोकांची दारं मात्र वाजवू नका, उगाच त्यांना तारखेची आठवण करून द्याल.

अजून एक, कार्ड कोणाच्या लेटरबॉक्समध्ये टाकू नका. बिनतिकिटाचं काही त्यात टाकणं इथल्या कायद्यात बसत नाही, आणि समोरची पार्टी फोटो काढायला टपलेली असते. दाराच्या मुठीला अडकवा.

पेठेतला_पक्या

वाचून मजा वाटली, म्हणजे तिकडे निम्म्यापेक्षा एक मत जास्त लागतं? आमच्या पुण्यात चौघांच्या पॅनेलमध्ये कोणाला कुठल्या लाटेत मतं पडली हे निवडून आलेल्यालाही माहीत नसतं, चौरंगी लढतीत ज्याला त्यातल्या त्यात जास्त तो आला, बाकीचे सगळे विरोधात गेले तरी गुलाल त्याचाच. आणि आम्ही हे बोलतोय कोणत्या तोंडाने, आमच्या महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, मुंबईचीही संपली, आता २०२३ चा मार्च आला तरी प्रशासकच बसलाय. तुम्ही दोनदा मत देऊन कंटाळताय, इथे एकदा मिळायची मारामार.

बरं एक शंका, मतदान झालं की जेवण बिवण, बिर्याणी?

तीन_मजली

पक्या, पिझ्झा. तोही गार.

रेनसिटी_राजू

मी सिएटलला. ग्रीन कार्डचं सांगतो कारण मी स्वतः त्यातून गेलोय. मत देता येत नाही आणि चुकूनही मतदार म्हणून नाव नोंदवू नका, पुढे सिटिझनशिपला वांधे होतात. पण फिरायला, फोन करायला काही अडचण नाही, ग्रीन कार्डवाल्याने वर्गणी दिली तरी चालते. एच-वनवाल्यांनी मात्र पैसे द्यायचे नाहीत, फुकट काम केलेलं चालतं. आणि तो संकोच सोडा हो, टॅक्स भरता ना, तुमचाही रस्ता आहे तो. मी तर दारात सरळ सांगायचो, मला मत नाही, म्हणून तुमचं मागायला आलोय. लोक हसायचे आणि दार उघडं ठेवायचे.

इकडे सिएटलच्या कौन्सिलवर निवडून आलेल्या क्षमा सावंत, जन्म पुण्याचा, त्यांच्या राजकारणाबद्दल माझी मतं वेगळी आहेत, ते राहू दे. पण २०२१ ला त्यांना परत बोलवायची निवडणूक लागली ती ऐन डिसेंबरात, आणि त्या तीनशेच्या आसपास मतांनी वाचल्या. त्यांचे कार्यकर्ते पावसात टेबलं मांडून चौकाचौकात उभे असायचे, मी रोज बघायचो ऑफिसला जाताना.

उत्तरवारा

सगळ्यांचे आभार. शनिवारी राजूंचं वाक्य वापरून बघितलं. मोठी बिल्डिंग, खाली बझरची पाटी, सोळा नावं, त्यातली निम्मी जुन्या भाडेकरूंची. आमच्या मतदारयादीच्या अ‍ॅपवर नाव एक, पाटीवर दुसरं. हातमोजे काढले की बोटं गार पडतात, घातले की फोन ऐकत नाही, म्हणून मी शेवटी नाकाने बटण दाबलं, हसू नका. तिसऱ्या मजल्यावर एक तेलुगू आजी, इंग्रजी बेताचंच, माझं तेलुगू शून्य, मोडक्या हिंदीत दोघींचं चाललं. त्यांना वाटत होतं बॅलट इंग्रजीतच असतं म्हणून त्या जातच नाहीत. मी सांगितलं की इथे हिंदीतही मिळतं. त्या म्हणाल्या, हिंदी वाचता येत नाही मला, पण सून वाचेल, गुरुवारी तिला सुट्टी असते. मी अ‍ॅपमध्ये "गुरुवार, सून" असं लिहून ठेवलं, कोऑर्डिनेटरने नंतर विचारलं हा कुठला कोड.

महापौराच्या प्रश्नाला काकांचं ऐकून गप्प बसले तर एक बाई म्हणाल्या, म्हणजे लपवताय. आता सांगते की आमच्या घरातही दोन पक्ष आहेत, नवरा एकीकडे नि मी दुसरीकडे, आणि तुमची नगरसेविका कोणीही महापौर आला तरी त्याच्याशी भांडणारी हवी. हे चालतंय बऱ्यापैकी.

डेव्हनकाका

नवऱ्याला मत आहे का पण?

उत्तरवारा

त्याला आहे काका. तो सिटिझन. त्याला दोनदा आठवण करावी लागली.

उत्तरवारा (५ एप्रिल)

खूप जणांनी विचारलं म्हणून लिहितेय, झोप झालेली नाही, चुका पोटात घाला.

महापौराचं काल रात्रीच कळलं, ब्रँडन जॉन्सन. पहिल्या फेरीत वलास ३३ टक्क्यांच्या आसपास होते आणि हे साधारण २२, म्हणजे आमच्या बाईसारखेच दुसरे. आमच्या ऑफिसात त्यावर निम्मे नाचले आणि निम्मे गप्प बसले, मी म्हटलं होतं ना घरातच दोन पक्ष.

काल पहाटे साडेपाचला पोचले. सहाला दारं उघडतात. मी मतदार नसल्यामुळे आत वॉचर म्हणून (उमेदवारातर्फे मतदानावर लक्ष ठेवायला) बसता येत नाही, म्हणून शंभर फुटांच्या हद्दीबाहेर दिवसभर उभी, थर्मासमध्ये चहा, खिशात यादी. दुपारी फोनवर बसलो, ज्यांनी वार सांगितला होता आणि गेले नव्हते त्यांना एकेक करून. सातला बंद व्हायच्या दहा मिनिटं आधी एक मुलगा नर्सच्या कपड्यात धावत आला, विचारतो अजून चालू आहे ना, त्याचं नाव माझ्या यादीत नव्हतंच. आत जाऊन बाहेर आला आणि कोणाला दिलं ते सांगितलं नाही, नुसता हात केला.

मग आमच्या वॉचरने आतून मशीनमधून निघालेल्या निकालाच्या पट्टीचा फोटो पाठवला. आमच्या बूथवर पुढे आहोत. वॉर्डात मात्र इतकं जवळ आहे की कोणी भाषणच केलं नाही. ४ तारखेच्या शिक्क्याची पोस्टाची मतं १८ एप्रिलपर्यंत आली तरी धरतात, म्हणजे अजून दोन आठवडे. तीन_मजली, तुम्ही तेव्हा रोज किती वाजता आकडा बघायचात? कारण मी सकाळपासून सात वेळा पेज रिफ्रेश केलंय आणि त्यावर अजून कालचीच वेळ आहे.

त्या आजींच्या सुनेचं नाव आधी मतदान केलेल्यांच्या यादीत दिसलं. तारीख गुरुवारचीच आहे. आजींचं नाव शोधतेय, अ‍ॅपमध्ये स्पेलिंग काय टाकलंय कोणास ठाऊक.

तीन_मजली

संध्याकाळी. सकाळी काही बदलत नाही. जा झोपा.