पेपर प्रसिद्ध झाला, अभिनंदनं झाली, पण वाचला कुणी?

निशाचर_पतंग:
माझा पहिला शोधनिबंध गेल्या महिन्यात आला. विषय: रस्त्यावरच्या दिव्यांचा निशाचर पतंगांच्या परागीभवनावर होणारा परिणाम. दोन हंगाम रात्री दोन-दोनपर्यंत लाल कागद लावलेला टॉर्च घेऊन फुलांसमोर बसून मोजणी केली. मग लिंक्डइनवर टाकलं, 'आमचा शोधनिबंध प्रसिद्ध झाल्याचे कळविण्यास आनंद होत आहे.' ८७ लाइक आणि तीसेक 'हार्दिक अभिनंदन'. जर्नलच्या पानावर त्या आठवड्यातले डाउनलोड सहा.

दिवे बसवणाऱ्यांपर्यंत हे पोचावं असं मला मनापासून वाटतं. गाइड म्हणतात, काम चांगलं असेल तर लोक शोधत येतील. मला नाही पटत. सोशल मीडियाने खरंच फरक पडतो का? अख्खी पीडीएफ टाकली तर चालते? आणि तिथे चारचौघांत कुणी चूक काढली तर काय करायचं?

तिसरा_प्रहर:
सायटेशन, म्हणजे इतरांच्या लेखांत तुमच्या लेखाचे दिलेले संदर्भ, वाढतील या आशेवर राहू नका. छातीच्या शस्त्रक्रियेवरचे ११२ लेख घेऊन एक प्रयोग झाला होता, निकाल २०२० मध्ये आला. ट्विट केलेल्या लेखांना वर्षभरात जास्त सायटेशन मिळाली होती. मग २०२४ मध्ये 'प्लॉस वन' या जर्नलमध्ये दुसरा प्रयोग आला: ११ जर्नल, ५५० लेख, त्यांतले काही यादृच्छिक निवडून ट्विट केले आणि तीन वर्षांनी मोजणी केली. ट्विटच्या दिवशी डाउनलोड वाढले, सायटेशनमध्ये मात्र दखल घेण्याजोगा फरक नाही. नमुना मोठा, काळ लांब, म्हणून माझा भरवसा दुसऱ्यावर.

पण तुम्हाला गाठायचेत दिवे बसवणारे लोक. अभियंता तुमचा लेख वाचून खांबाची जागा बदलेल, सायटेशन कुठे देणार तो?

आता तुमची पोस्ट. तिच्यात तुमचा आनंद आहे, पतंग कुठेच नाही. लाल टॉर्चची गोष्ट आम्हाला सांगितलीत, तिथे का नाही सांगितली?

माझं काम जलवाहिन्यांच्या गळतीवर. पहिल्या वेळी लेखाचं शीर्षक जसंच्या तसं चिकटवलं, कुणी फिरकलं नाही. वर्षभराने त्यातला एकच आलेख टाकला, आडव्या अक्षावर दिवसाचे तास, आणि वर एक ओळ: 'पहाटे तीनला सगळे झोपलेले असतात, मग मीटर कुणासाठी फिरतंय?' दोन दिवसांत पाणीपुरवठ्यातल्या एका अभियंत्याचा मेसेज आला, हिशोबाचा कोड मिळेल का म्हणून. त्या कोडमधली एककांची एक चूक त्यानेच दाखवली.

आणि लिंक डीओआयचीच द्या, म्हणजे लेखाला मिळालेल्या कायमच्या ओळख-क्रमांकाची. जर्नलचे पत्ते बदलतात, डीओआय टिकतो, आणि लेखाची चर्चा कुठे झाली ते टिपणारी साधनंही मुख्यतः त्याच्यावर चालतात.

ग्रंथालयातून:
पीडीएफबद्दल. लेख सीसी बाय परवान्याखाली (श्रेय देऊन कुणालाही वाटता येणारा खुला परवाना) असेल तर खुशाल टाका, श्रेय आणि परवाना लिहून. नसेल तर प्रकाशकाने मांडणी केलेली प्रत टाकू नका, तिचे हक्क बहुधा तुम्ही सही करून देऊन टाकलेले असतात. समीक्षेनंतर स्वीकारली गेलेली तुमची स्वतःची फाइल संस्थेच्या रिपॉझिटरीत, म्हणजे तिच्या ऑनलाइन संग्रहात, ठेवता येते का ते पाहा. काही जर्नल त्यासाठी १२ महिने थांबायला लावतात. करार शोधून एकदा नीट वाचाच.

जुना_समीक्षक:
चूक निघण्याची भीती मला कळते, मीही त्यातून गेलोय. २०१० च्या डिसेंबरात 'सायन्स'मध्ये आर्सेनिकवर वाढणाऱ्या जिवाणूचा लेख आला, नासाने पत्रकार परिषद घेतली. काही दिवसांतच रोझी रेडफिल्ड या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बाईंनी ब्लॉगवर त्यातल्या त्रुटी मांडल्या. लेखकांचं म्हणणं, चर्चा समीक्षित जर्नलमध्येच व्हावी. २०१२ मध्ये रेडफिल्ड यांच्या गटाने प्रयोग पुन्हा करून पाहिला, दावा टिकला नाही. २०२५ मध्ये 'सायन्स'ने तो लेख मागे घेतला, तरी लेखकांना ते मान्य नव्हतं.

त्यामुळे कुणी नीट मुद्दा मांडला तर तिथेच उत्तर द्या, चूक असेल तर त्याच थ्रेडमध्ये दुरुस्ती जोडा. जुनी पोस्ट गुपचूप उडवू नका. नुसती शिवीगाळ असेल तर ब्लॉक करा आणि झोपा.

निशाचर_पतंग:
सगळ्यांचे आभार. करार काढला, परवाना सीसी बाय निघाला! नवा मसुदा:

'रात्रीचे अकरा. दिव्याखाली फुलं उमललेली, पतंग मात्र वर दिव्याभोवती. अंधारातल्या फुलांपेक्षा या फुलांवर पतंग कमी आले. आम्ही सहाच जागा पाहिल्या, तुमच्याकडे काय दिसतं?'

तिसरा_प्रहर:
हे मी थांबून वाचलं असतं. फुलाचं नाव घाला. सोबत फोटो टाकणार असाल तर त्याचं वर्णनही लिहा, ज्यांना दिसत नाही त्यांचा फोन ते वाचून दाखवतो. आणि अभियंत्याला पुढचा प्रश्न पडणारच: दिवा कोणत्या रंगाचा होता, खांब किती उंच? ते दुसऱ्या पोस्टमध्ये तयार ठेवा.