पाइप लावण्याआधी नटाकडे बघा

‘पान्याला लांब पाइप अडकवला की कुठलाही नट सुटतो’ असं गाडीच्या अडलेल्या नटांबद्दल एकाने लिहिलंय. हिशोब चुकीचा नाही. ६० किलोच्या माणसाने अर्ध्या मीटरच्या दांड्यावर सगळं वजन टाकलं तर फिरवण्याचा जोर (टॉर्क) साधारण ३०० न्यूटन-मीटर, मीटरभर पाइपावर दुप्पट. फक्त तो पाइप रॅचेटला (एकाच दिशेने फिरणाऱ्या, कटकट वाजणाऱ्या दांड्याला) लावू नका, आतले दात जातात. टॉर्क रेंचला (ठरलेल्या जोराने नट आवळायच्या पान्याला) तर नाहीच नाही. अर्धा इंची ब्रेकर बार (आत दात नसलेला लांब, भक्कम दांडा) आणि सहा कोनी सॉकेट (नटावर बसणारी टोपी) घ्या. बारा कोनी सॉकेट गंजलेल्या नटाचे कोपरे खातं.

पण दर वेळी दोष गंजाचाच नसतो. मी वास्कोला दर्याजवळ राहतो, खाऱ्या हवेत सगळंच गंजतं, म्हणून जुन्या गाडीचा पुढचा हब नट (चाकाच्या मधोमध, एक्सलच्या म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या टोकावरचा मोठा नट) अडला तेव्हा गंजच असणार असं धरून चाललो. दोन दिवस तेल मुरवलं, पाइप लावला, एक सॉकेट फोडलं (बारा कोनीच, अर्थात). मग ओळखीचा मेकॅनिक आला, टॉर्च मारली आणि हसायलाच लागला. नटाची कड एक्सलच्या खाचेत ठोकून बसवलेली असते, ती मी उचललीच नव्हती! त्याने बारीक छिन्नीने ती कड वर काढली, गाडी चारही चाकांवर, मला ब्रेकवर पाय ठेवायला लावला, आणि दुसऱ्या झटक्यात नट फिरला. जॅकवरच्या गाडीला असला जोर देऊ नका. आणि बसवताना नट नवाच घ्या, ठोकलेली कड पुन्हा नीट धरत नाही.